प्रकल्प नोंदी: धाडसी, सावध आणि शेअरची किंमत

४ जानेवारी २०२५

विषय मंजूर झाला. गुंतवणूकदारांची जोखीम घ्यायची तयारी वेगवेगळी असेल तर शेअरच्या किमतीवर काय परिणाम होतो? एम. ए.च्या शेवटच्या सत्राला तीन महिने हातात आहेत. मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली: प्रत्येक आकडा स्वतः काढायचा, आणि जो काढता आला नाही तो लिहायचा नाही.

विषय डोक्यात आला तो मार्च २०२० मुळे. तेव्हा मी बारावीत होते. २३ मार्चला निफ्टी एका दिवसात जवळपास १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला. जानेवारीत तो १२,३०० च्या वर होता, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस १३,९०० च्या पुढे गेला. मामा दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. टीव्हीवर सगळे एकच वाक्य म्हणत होते, 'गुंतवणूकदार घाबरले'. ते वाक्य मला तेव्हाही अपुरं वाटलं होतं. ज्याने विकलं तो घाबरला असेल, पण समोर कुणीतरी घेतलं म्हणूनच तो विकू शकला. मग घेणाऱ्याचं काय? दर मिनिटाला जेवढे शेअर विकले जातात तेवढेच घेतले जातात. किंमत या दोघांमध्ये ठरते, आणि ते दोघं एकसारखे नसतात.

१४ जानेवारी

संक्रांतीला साताऱ्याला घरी आले. आत्या आणि मामा दोघंही आले होते, म्हणून तिळगूळ हातात पडायच्या आधीच माझा प्रश्न पुढे केला. प्रश्न माझा नाही. अमेरिकेत १९९२ साली ५१ ते ६१ वयाच्या हजारो लोकांना एका मोठ्या पाहणीत तो विचारला होता. तुमची आत्ताची नोकरी पक्की आहे, पगार जन्मभर तेवढाच. दुसरी नोकरी समोर आली. तिथे निम्मी शक्यता की पगार दुप्पट होईल, निम्मी शक्यता की एक तृतीयांशाने कमी होईल. घ्याल का?

आत्या म्हणाली, "छे गं. घर कशावर चालवायचं?"

मी घट एक पंचमांशावर आणली. तरी नाही. "चालू असलेला पगार कुणी हातानं घालवतं का? माझी सगळी एफडी आहे, आणि मी रात्री शांत झोपते."

मामा म्हणाला, "पगार अर्धा होईल म्हणालीस तरी घेईन. दुप्पट व्हायची निम्मी शक्यता रोज कोण देतं?"

मूळ पाहणीत सुमारे ६५ टक्के लोक आत्यासारखे निघाले होते आणि जवळपास १३ टक्के मामासारखे. मधले थोडे. म्हणजे फरक किरकोळ नाही. एकाच वयाच्या, एकाच देशातल्या माणसांमध्ये तो एवढा आहे, आणि आमच्या एका ओटीवर दोन्ही टोकं बसली होती.

१७ जानेवारी

शब्द ठरवून टाकते. पुस्तकात 'जोखीम-पराङ्मुखता' आहे. या वहीत मी 'सावधपणाचा आकडा' म्हणणार. आकडा मोठा तर माणूस जास्त सावध. संक्रांतीच्या प्रश्नातून तो थेट निघतो. दुप्पट किंवा अर्धा यात ज्याला फरक पडत नाही त्याचा आकडा १. दुप्पट किंवा एक तृतीयांश घट यावर जो अडतो त्याचा २. एक पंचमांश घटीवर जो अडतो त्याचा ३.७६. आत्या ३.७६ च्या वर, मामा १ च्या खाली. ही तीनही उत्तरं कागदावर सोडवून पाहिली, बरोबर आहेत.

आकड्याचा उलटा केला की 'सहनशीलता' मिळते. आकडा ४ असेल तर सहनशीलता पाव. हे आत्ता क्षुल्लक वाटतंय, पण लिहून ठेवते.

२२ जानेवारी

पहिलं मॉडेल. मुद्दाम अगदी लहान ठेवलं. बाजारात एकच शेअर. वर्षअखेर तो १२० रुपये देतो किंवा ८०, शक्यता निम्मी-निम्मी. दोनच माणसं: धाडसीचा आकडा ३, सावधचा ६. दोघं एकमेकांशी शेअरचा व्यवहार करू शकतात आणि एकमेकांना उसने देऊ शकतात. व्याज शून्य धरलं, म्हणजे सगळा हिशेब जोखमीचाच राहील.

३ आणि ६ निवडायला कारण आहे. एक दुसऱ्याच्या दुप्पट असला की वाटणीचं समीकरण वर्गसमीकरण होतं आणि कागदावर सुटतं. पायथनमध्ये लिहिलेल्या संगणक-प्रोग्रामवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलंय. वाटणीची सुरुवात अशी धरली: शेअरने सरासरी, म्हणजे १०० रुपये दिले असते तर दोघांच्या वाट्याला ५०-५० आले असते.

उत्तर: १२० आले तर धाडसीला ६३.६१, सावधला ५६.३९. ८० आले तर धाडसीला ३६.९९, सावधला ४३.०१. शेअरची आजची किंमत ८६.५८.

२३ जानेवारी

आज दिवसभर अडकले. पडताळा म्हणून बाजारात एकच 'सरासरी माणूस' ठेवला, आकडा ४.५, म्हणजे ३ आणि ६ ची सरासरी. किंमत आली ८५.५६. काल ८६.५८ होती. एका रुपयाचा फरक. प्रोग्राममध्ये चूक असणार म्हणून संध्याकाळपर्यंत ओळ न् ओळ तपासली. चूक सापडली नाही.

२४ जानेवारी

चूक प्रोग्राममध्ये नव्हती. सरासरी मी चुकीची घेतली होती.

बाजारात सावधपणाच्या आकड्यांची बेरीज होत नाही, सहनशीलतेची होते. १९६८ साली रॉबर्ट विल्सन यांनी भागीदारीचं गणित मांडताना हे दाखवलं: जोखीम वाटून घेणाऱ्या गटाची सहनशीलता म्हणजे त्यातल्या प्रत्येकाच्या सहनशीलतेची बेरीज. धाडसीची एक तृतीयांश, सावधची एक षष्ठांश, दोघांची निम्मी-निम्मी धरली की पाव. उलटा केला की ४. साडेचार नाही. शाळेत ज्याला हरात्मक मध्य म्हणायचो तोच हा. आकडा ४ घालून पाहिला, किंमत ८६.६०. दोन पैशांचा फरक उरला, आणि तो का उरतो तेही कळलं: वाटणी ८० ला एक आणि १२० ला दुसरी असल्यामुळे सरासरी माणूसही जरा जरा बदलत जातो.

हे मला फार महत्त्वाचं वाटतंय. हरात्मक मध्य नेहमी लहान आकड्याकडे झुकतो, म्हणजे धाडसीकडे. मामा १ आणि आत्या १० धरली तर साधी सरासरी ५.५ येते आणि तिने शेअरची किंमत ८३.९ निघते. दोघांच्या खऱ्या बाजारात किंमत ९२.८ आहे. नऊ रुपयांचा फरक! पाहणीत शंभरातले पासष्ट लोक आत्यासारखे असूनही बाजार आत्यासारखा वागत नाही, त्याचं एक कारण इथे आहे. जोखीम स्वस्तात उचलायला तयार असलेला माणूस जास्त जोखीम उचलतो, आणि जो जास्त उचलतो त्याचं मत किमतीत जास्त मोजलं जातं.

२ फेब्रुवारी

आज फक्त हिशेब. धाडसी ही वाटणी प्रत्यक्षात कशी मिळवतो? त्याचे स्वतःचे ४१.३७ रुपये आहेत. सावधकडून तो १६.२३ उसने घेतो आणि ५७.६० चे शेअर ठेवतो. म्हणजे स्वतःच्या रुपयामागे ३९ पैसे कर्ज. सावधकडे ४५.२१ रुपये, त्यातले १६.२३ धाडसीला दिलेले, बाकी शेअरमध्ये.

सावधची 'एफडी' आणि धाडसीचं 'कर्ज' ही एकच रक्कम आहे, हे पाहून मी थोडा वेळ थांबले. या छोट्या जगात सुरक्षित ठेव बाहेरून येत नाही. कुणीतरी जास्त जोखीम घेतो म्हणून दुसऱ्याला सुरक्षितता मिळते. १ आणि १० च्या जोडीत तर रुपयामागे ९२ पैसे कर्ज आहे.

८ फेब्रुवारी

मॅडमना भेटले. हिशेब पाहून म्हणाल्या, "एक वर्ष झालं. शेअर ८० वर आला. आता पुढच्या वर्षी कोण किंमत ठरवणार?"

मी म्हटलं, "तेच दोघं."

"तेच दोघं, पण पैसे तेवढेच आहेत का त्यांच्याकडे?"

पुढचा आठवडा यावरच.

१५ फेब्रुवारी

मॅडमच्या प्रश्नातच सगळा विषय आहे.

शेअर ८० वर आला की धाडसीचा वाटा ५० वरून ४६.२ टक्क्यांवर येतो. तो कर्जावर होता, म्हणून तो जास्त पडला. आता बाजाराच्या सहनशीलतेत त्याचं वजन कमी. बाजाराचा आकडा ४ होता, तो ४.१० होतो. शेअर १०० वरून एकदम ५० वर आला तर ४.३४. उलट २०० वर गेला तर ३.७३.

धाडसी अजून ३ आहे, सावध अजून ६. कुणाचाही स्वभाव बदललेला नाही. तरी मंदीत बाजार जास्त सावध झाला आणि तेजीत जास्त धाडसी, कारण पैसा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. बर्नार्ड द्युमा यांनी १९८९ साली दोन माणसांचा असाच बाजार अखंड काळात मांडला होता. त्यांचा लेख मागच्या महिन्यात वाचला तेव्हा समजला नव्हता. आज स्वतःच्या आकड्यांमधून समजला.

१६ फेब्रुवारी

पण परिणाम लहान आहे, आणि हे प्रामाणिकपणे लिहायलाच हवं. उत्पन्नात २० टक्के घट म्हणजे प्रचंड मोठी घट. तेवढ्याला आकडा ४ चा ४.१० झाला, तर त्याने मार्च २०२० समजत नाही.

दोघांच्या आकड्यांमधली दरी वाढवून पाहिली. १ आणि १०: सुरुवातीला बाजाराचा आकडा १.८२. दहा टक्के घट झाली की १.९६, वीस टक्के झाली की २.१७. दहा टक्के घटीत धाडसीचं १८ टक्के जातं, सावधचं फक्त २. म्हणजे दरी मोठी असेल तर परिणामही दिसण्याजोगा होतो. मात्र तिथे मुळातला आकडाच खूप खाली येतो, आणि त्याची वेगळी अडचण आहे. ती पुढे.

२० फेब्रुवारी

ती अडचण. राजनीश मेहरा आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांनी १९८५ साली अमेरिकेचे १८८९ ते १९७८ चे आकडे घेतले. शेअरवर वर्षाला खरा (महागाई वजा केलेला) परतावा जवळपास ७ टक्के, सुरक्षित रोख्यांवर १ टक्क्याच्याही आत. मधले सहा टक्के जोखमीचे. पण लोकांच्या खर्चातली वाढ वर्षाला फक्त ३.६ टक्क्यांनी वरखाली व्हायची. एवढ्या शांत खर्चाला एवढा मोबदला मिळायचा तर ढोबळ हिशेबाने सावधपणाचा आकडा दहाच्या वर लागतो. माझ्या बाजाराचा आहे ४. १ आणि १० च्या जोडीत तर १.८ च्या आसपास.

म्हणजे माणसं वेगवेगळी आहेत एवढं म्हणून हे कोडं सुटत नाही. उलट, बेरीज सहनशीलतेची होते म्हणून ते जास्तच घट्ट होतं. प्रकल्पात हे पहिल्याच प्रकरणात लिहिणार. वेगळेपण मोबदला किती ते फारसं सांगत नाही. तो कधी वाढतो आणि कधी घटतो ते सांगतं.

२१ फेब्रुवारी

लांबचा काळ चालवून पाहिला. उत्पन्न दसपट झालं की सावधचा वाटा बरोबर २० टक्के उरतो. शंभरपट झालं की ७ टक्क्यांच्या आत. अर्थव्यवस्था वाढत राहिली तर शेवटी सगळा बाजार धाडसीचाच. वर्षाला १.८ टक्के वाढ धरली तर दसपट व्हायला १२९ वर्षं लागतात, पण दिशा चुकीचीच आहे. आत्यासारखी माणसं जगातून संपलेली नाहीत.

यावर दोन उपाय वाचले. चॅन आणि कोगन यांनी २००२ साली माणसाचं समाधान शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राहणीमानाशी जोडलं. उत्पन्न वाढलं की अपेक्षाही वाढतात, म्हणून वाटे एका बाजूला वाहून जात नाहीत. दुसरा उपाय पिढ्यांचा: माणसं जातात, नवी येतात, त्यांच्यात पुन्हा काही धाडसी आणि काही सावध. मला दुसरा जास्त पटतो. तो आमच्या घरातही दिसतो.

माझ्या प्रकल्पात मी दोन्ही घेणार नाही. एकाच वर्षाचं मॉडेल ठेवते, ते पूर्ण माझ्या हातात आहे.

२७ फेब्रुवारी

मामाला फोन केला. त्याला माझे आकडे सांगितले: घट झाली की तुझ्यासारख्यांचा वाटा कमी होतो, बाजार सावध होतो. तो बराच वेळ ऐकत होता. मग त्याने २३ मार्चची सकाळ सांगितली. पाच वर्षांत पहिल्यांदा.

बाजार उघडला आणि थोड्याच वेळात दहा टक्के खाली जाऊन ४५ मिनिटं बंद झाला. त्या पाऊण तासात ब्रोकरकडून फोन आला, मार्जिन (उधारीच्या व्यवहारासाठी ठेवायची अनामत) भरा. मामाकडे भरायला होतं ते आधीच्या आठवड्यात भरून झालं होतं. व्यवहार पुन्हा सुरू झाले आणि त्याची पोझिशन स्क्वेअर ऑफ झाली, म्हणजे त्याचा व्यवहार परस्पर मोडला गेला.

"मी घाबरलो नव्हतो गं," तो म्हणाला. "मला त्या दिवशी घ्यायचं होतं. माझ्याकडे पैसे नव्हते आणि उसने कुणी देत नव्हतं."

फोन ठेवल्यावर मॉडेलचा कागद समोर घेतला. त्यात धाडसीला हवं तेवढं कर्ज नेहमी मिळतं. मी ते गृहीत धरलं आहे हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

१ मार्च

कर्ज बंद केलं. बाकी सगळं तेच: १२० किंवा ८०, आकडे ३ आणि ६, पैसेही तेवढेच. फक्त धाडसीला उसने मिळणार नाहीत.

किंमत ८६.५८ वरून ८३.२३.

कारण सरळ आहे. धाडसीला आणखी शेअर हवेत, पण तो घेऊ शकत नाही. आता उरलेले शेअर सावधने ठेवायला तयार व्हायला हवं, म्हणजे किंमत त्याच्या आकड्यावर ठरते. सहाच्या. सहनशीलतेची बेरीजच थांबली. २४ जानेवारीचा सगळा आनंद एका अटीवर उभा होता, ती अट म्हणजे कर्ज.

१ आणि १० च्या जोडीत किंमत ९२.८ वरून ८०.७ वर येते. तेरा टक्के घट. निफ्टीही त्या दिवशी तेराच टक्के पडला होता, पण हा योगायोग आहे आणि मी त्याचा पुरावा म्हणून वापर करणार नाही. १ आणि १० हे आकडे मी निवडले आहेत. दुसरे निवडले असते तर दुसरी घट आली असती.

४ मार्च

मार्च २०२० च्या नोंदी जुळवल्या. परदेशी गुंतवणूकदारांनी त्या महिन्यात भारतीय शेअर बाजारातून ६१ हजार कोटी रुपयांहून अधिक निव्वळ काढून घेतले. देशी संस्था त्याच महिन्यात मोठ्या निव्वळ खरेदीदार होत्या. २० मार्चला बाजार नियामक सेबीने चढउतार आवरण्यासाठी वायदे व्यवहारांतल्या मर्यादा कडक केल्या आणि काही शेअरवरचं मार्जिन वाढवलं. २३ मार्चपासून ते लागू होत होतं. बाजाराची व्यवस्था सुरक्षित ठेवायला मार्जिन लागतंच, त्यावर माझा आक्षेप नाही. पण माझ्या मॉडेलच्या भाषेत, ज्यांची सहनशीलता सर्वात जास्त त्यांचं कर्ज नेमकं तेव्हाच आखडलं जेव्हा त्यांचा वाटाही घटत होता.

दोन्ही परिणाम एकाच दिशेला जातात. पैसा हात बदलतो तो परिणाम लहान. कर्ज आखडतं तो मोठा.

७ मार्च

मॅडम म्हणाल्या, "पूर्ण बंदी कधीच नसते. मर्यादा घाल." बरोबर आहे. तीन-चार मर्यादा चालवल्या (३ आणि ६ ची जोडी, धाडसीची सुरुवातीची मालकी तेवढीच, ४७.८ टक्के). स्वतःच्या रुपयामागे कर्ज शून्य: ८३.२३. वीस पैसे: ८४.६२. तीस पैसे: ८५.५५. हवं तेवढं, म्हणजे ३९ पैसे: ८६.५८.

मला वाटलं होतं रेषा सरळ येईल, किंवा शेवटी शेवटी सपाट होईल. उलटं आलं. पहिल्या वीस पैशांनी किंमत १.३९ ने वाढली, पुढच्या एकोणीस पैशांनी १.९६ ने. म्हणजे मोकळ्या बाजारात मर्यादा पहिल्यांदा टोचायला लागते तिथेच किंमत सर्वात वेगाने पडते. नंतर आणखी आवळली तर घट होते, पण मंद. दोनदा कागदावर सोडवलं. तेच उत्तर.

१२ मार्च

कारण सापडलं. कर्ज जेवढं जास्त तेवढं सावधच्या हातात शेअर कमी आणि ठेव जास्त. ठेव भक्कम असली की वाईट वर्षातही त्याचा खर्च फारसा हलत नाही. त्याचा चांगल्या आणि वाईट वर्षातला फरक मी सहाव्या घातात मोजते, म्हणून कर्ज आखडलं आणि थोडे शेअर त्याच्याकडे परत आले तरी किंमत झपकन बदलते.

२३ मार्च

आज पाच वर्षं झाली. मसुदा मॅडमकडे दिला. चौथं प्रकरण कर्जाच्या मर्यादेचं, तेच सर्वात मोठं झालं आहे. द्युमांच्या मॉडेलचं प्रकरण छोटं केलं.

मामाला आलेख पाठवला, शून्यापासून एकोणचाळीस पैशांपर्यंतचा. त्याचं उत्तर आलं: 'वीस पैशांवर थांबायला हवं होतं मी.' नंतर लगेच दुसरं: 'पण मी थांबलो असतो तर किंमत तेव्हाच दोन रुपये खाली असती ना?'

हो. १ रुपया ९६ पैसे. आणि प्रत्येक जण किती कर्ज घेईल हे ठरवताना दुसरे किती घेतात हे त्याला दिसत नाही, ही गोष्ट माझ्या मॉडेलमध्ये नाही. उद्यापासून तीन धाडसी घालून पाहते.